साहेबानं बसू दिलं

झुंबरबाईंच्या गुडघ्यांचा आणि इंग्रजी राज्याचा काही संबंध असेल, असं चिखलीच्या हाडाच्या डॉक्टरला वाटलं नाही. त्यात त्याची चूक नाही, एक्स-रेमध्ये तसलं काही उमटत नाही. त्याने फिल्म उजेडाकडे धरली, दोन्ही गुडघे झिजलेत म्हणून सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाला, "मावशी, आता खाली बसणं बंद. मांडी नाही, उकिडवं नाही. जेवताना, भाजी निवडताना, कशालाही खुर्चीच घ्यायची."

झुंबरबाईंनी मान हलवली. त्यांचे यजमान शेषराव शेजारी खुर्चीत बसले होते आणि त्या उभ्या होत्या. डॉक्टरने दोनदा स्टुलाकडे हात केला, तेव्हा शेषरावच घाईने म्हणाले, "राहू द्या डॉक्टरसाहेब, तिले उभं राह्याची सवय हाये."

घरी परतताना एसटीत मात्र दोघं शेजारी शेजारी बसून आले. एसटीचं बरं असतं, तिथे तिकीट काढलं की झालं.

अमडापूरला बाजाराच्या रस्त्यावर शेषरावांचं स्लॅबचं घर आहे. पुढे ओटा, ओट्यावर प्लास्टिकच्या चार लाल खुर्च्या, मागे सोयाबीनची पोती आणि फवारणीचा पंप. एकुलता एक मुलगा प्रेम खामगावला नोकरीला, शनिवारी येणारा. सून सुचिता गावातल्याच इंग्लिश मीडियमच्या शाळेत लहान मुलांना शिकवते. सगळं चारचौघांसारखं. फक्त बैठकीच्या खोलीत, टीव्हीच्या बाजूला, एका चौरंगावर एक खुर्ची ठेवलेली असते आणि तिच्यावर कोणीही बसत नाही. दसऱ्याला विळा, कुऱ्हाड आणि मोटारसायकल यांच्याबरोबर तिचीही पूजा होते. भाऊकीत लग्न निघालं की ती टेम्पोत घालून लग्नघरी नेतात, हळदीच्या आधी नवरदेव तिला कुंकू लावतो, नारळ फोडतो आणि मग जाऊन पाटावर बसतो.

या खुर्चीची गोष्ट शेषरावांच्या तोंडून ज्याने ऐकली नाही, तो माणूस अमडापूरचा नव्हे. वऱ्हाड तेव्हा कागदावर निजामाचा होता आणि हुकूम इंग्रजाचा चालायचा. म्हणजे मालक हैदराबादेत आणि मुकादम बुलढाण्यात. त्यातलाच एक गोरा साहेब जमाबंदीच्या दौऱ्यावर आला, आमराईत तंबू ठोकला आणि आसपासच्या गावच्या पाटलांना बोलावून घेतलं. सगळे पाटील जोडे बाहेर काढून, हात बांधून ओळीने उभे. साहेबाने एकेकाच्या गावचा वसूल ऐकला. शेषरावांचे पणजोबा पुंजाजी यांची पाळी आली तेव्हा साहेबाने एका खुर्चीकडे बोट केलं आणि म्हणाला, "बैठो." बाकीचे उभेच राहिले आणि पुंजाजी बसले. साहेबाचा चिरूट संपेपर्यंत बसले.

गोष्ट एवढीच. पण एवढ्या गोष्टीवर चार पिढ्या पोसल्या गेल्या. पुंजाजी तंबूतून घरी आले ते वेगळेच माणूस होऊन आले. त्या दिवसापासून घरात त्यांच्यासमोर कोणी उंच आसनावर बसायचं नाही, असा नियम झाला. त्यांची मुलं मिशा पांढऱ्या होईपर्यंत उभी राहिली. मग ती मुलं बसायला लागली आणि त्यांची मुलं उभी राहिली. पुढे काळ सुधारला, गावात वीज आली, मोबाइल आला, तेव्हा पुरुषांमधला हा नियम आपोआप गळून पडला. बायकांमधला राहिला. सुधारणा एकदम करू नये, असं शेषरावांचं मत होतं.

म्हणजे झुंबरबाई या घरात नवरी होऊन आल्या तेव्हापासून खाली बसत आल्या होत्या. शेषराव आत येण्याआधी मुद्दाम खोकायचे, घरातल्या बायका कशावर टेकल्या असतील तर त्यांनी उठावं म्हणून. त्या खोकल्याला कोणत्याच डॉक्टरचं औषध लागू पडलं नसतं. गुडघे दुखायला लागल्यावर झुंबरबाई स्वयंपाकघरात तेलाचा रिकामा डबा उपडा घालून त्यावर टेकायच्या, पण खोकला ऐकू आला की दचकून उठायच्या. बसण्यापेक्षा त्या उठण्यानेच गुडघे जास्त बोलायचे.

डॉक्टरने दुसरंही एक सांगितलं होतं, इंग्रजी संडास बसवून घ्या. तो मात्र शेषरावांनी आठ दिवसांत बसवला, पांढराशुभ्र, झाकणासकट. घरात झुंबरबाईंना बिनबोभाट बसता येईल अशी ती पहिली इंग्रजी खुर्ची. बाकी खुर्चीचा विषय झुंबरबाईंनी दोनदा काढून पाहिला.

"डॉक्टर म्हणला होता, जेवाले खुर्ची घ्या म्हून," त्या म्हणाल्या.

"डॉक्टर काय म्हणन, त्याले आपल्या घरची रीत मालूम हाये काय?" शेषराव म्हणाले. "अन् पाहू न. जरा थंडी सरू दे."

थंडी सरली, ऊन आलं. गुडघ्यांना दोन्ही ऋतू सारखेच लागले. रात्री कूस बदलताना त्यांच्या तोंडून आई गं निघायचं आणि शेषराव झोपेतच म्हणायचे, गोळी घे. झुंबरबाईंना या माणसाचा राग यायचा, मग वाटायचं, तसा वाईट नाही, कधी अंगावर हात टाकला नाही, औषधपाणी करतो. इंग्रजाबद्दल गावातली म्हातारी माणसं बोलायची, ते थोडंफार असंच.

इंग्रजाबद्दल बोलणं हा ओट्यावरचा रोजचा कार्यक्रम होता. शेषरावांच्या समोर शेजारचे महादेवराव बसायचे, रिटायर झालेले मास्तर. शेषराव इंग्रजाच्या बाजूचे, महादेवराव विरुद्ध. शेषराव म्हणायचे, "रेल्वे कोनं आनली? पूल कोनं बांधले? आताचा पूल एका पानकळ्यात वाहून जाते." महादेवराव म्हणायचे, "तुह्या बापासाठी आनली काय बे रेल्वे? खामगावचा कापूस उचलून न्याले आनली." मग ते इंग्रजांनी नेलेल्या लुटीचा आकडा सांगायचे. तो आकडा त्यांच्या मोबाइलवर यायचा आणि दर वेळी आधीपेक्षा मोठा यायचा. दोघांचं कधी पटलं नाही. झुंबरबाई दोघांनाही एकाच पातेल्यातला चहा आणून द्यायच्या आणि दाराच्या आत, जमिनीवर, कपांची वाट पाहत बसायच्या. बाई पुरुषांसमोर खुर्चीवर बसते की काय, याबद्दल मात्र इंग्रजाच्या बाजूचे आणि विरुद्धचे यांचं एकमत होतं. देश असाच एकजीव राहतो.

महादेवरावांची भाची रुपाली पुण्याला कॉलेजात शिकवते. वैशाखात ती मामाकडे आली ती एक संशोधन घेऊनच. इंग्रज राजवटीचा नैतिक वारसा, असा त्याचा विषय. गावोगावच्या लोकांना विचारायचं की बाबांनो, इंग्रज एवढं राज्य करून गेले, त्याचं पुण्य किती आणि पाप किती, आता तुम्हीच तोला. पैसा विलायतेतूनच आलेला होता, म्हणजे बहुधा तोलून झाल्यावर उरलेला असावा. मामाने तिला अर्थातच शेषरावांच्या ओट्यावर आणलं. इतका तयार माणूस तिला दुसरा कुठे मिळणार?

झुंबरबाईंनी सकाळीच पोहे भिजवले होते. रुपाली आली, तिने वाकून नमस्कार केला, आणि शेषरावांनी स्वतः खुर्ची पुढे सरकवली. "बसा म्याडम, बसा." रुपाली मुलीच्या वयाची, अंगात कुडता, खांद्यावर पिशवी, ती आरामात टेकून बसली. झुंबरबाईंनी दारातून पाहिलं आणि त्यांच्या ध्यानात आलं की मॅडम झालं की माणूस बाई राहत नाही. सुचिताला शाळेत पोरं मॅडमच म्हणतात, पण ते शाळेच्या फाटकापर्यंत. तिथे ती खुर्चीत बसून शिकवते आणि घरी येऊन फरशीवर बसून शेंगा फोडते.

रुपालीने मोबाइल मधोमध ठेवला, त्यावरचं लाल टिंब पेटवलं आणि म्हणाली, "काका, इंग्रजांच्या राज्याबद्दल तुमच्या घरात काय बोललं जायचं?"

झालं. शेषरावांनी गोष्ट सुरू केली. आमराई, तंबू, हात बांधून उभे पाटील, चिरूट. मोबाइलसमोर साहेब नेहमीपेक्षा उंच झाला आणि चिरूटही लांब झाला. गोष्ट संपल्यावर ते तिला बैठकीत घेऊन गेले आणि खुर्ची दाखवली. रुपालीने वाकून पाहिलं. एक पाय नंतर बसवलेला होता, एक हात दुसऱ्याच लाकडाचा, आणि बसायच्या जागी बाजेला विणतात तसली हिरवी नायलॉनची पट्टी.

"काका, ही साहेबानं दिलेली खुर्ची आहे?" रुपालीने विचारलं.

"साहेबानं खुर्ची नाई देल्ली," शेषराव म्हणाले. "तो आपली खुर्ची घेऊन गेला पुढच्या मुक्कामाले. हे पुंजाजीनं मंग इथल्या सुताराकून तशीच बनवून घेतली."

"मग साहेबानं दिलं काय?"

"बसू देलं न!" शेषराव म्हणाले. एवढंही हिला कळू नये, पुण्याला शिकवतात तरी काय, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसलं.

ओट्यावर येऊन पुन्हा बसल्यावर महादेवरावांनी तोंड उघडलं. भाचीसमोर आणि मोबाइलसमोर गप्प बसणं त्यांना शक्य नव्हतं. "काऊन बसू देलं ते नाई सांगितलं शेषरावनं," ते म्हणाले. "साल दुष्काळाचं होतं. बाकीच्या पाटलाइनं हात जोडले, साहेब, लोकाइच्या घरात दाना नाई, वसूल कुठून आनाव? अन् पुंजाजीनं पैसान् पैसा वसूल आनला. लोकाइच्या घरातले हंडे, घागरी, परातीसुदा उचलल्या. चुलीवरचा तवा उचलला म्हनतात. म्हून भेटली खुर्ची."

हे शेषरावांना ठाऊक होतं. गावातल्या सगळ्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक होतं, फक्त लग्नाच्या मांडवात ते कोणी सांगत नसे. शेषराव लाल झाले. "अन् ते भांडे बंडीत भरून बुलढान्याले कोनं नेले, हे बी सांग न म्याडमले. बंडी तुह्या पंज्याची होती. भाडं घेतलं त्यानं."

महादेवरावांनी घसा साफ केला. "त्या वक्ती काय, पोटासाठी..."

"हाव, पोटासाठी. तुमचं पोट, अन् आमची खुर्ची."

पाप आणि पुण्य अशा दोन पारड्यांची रुपालीची तयारी होती आणि इथे दोन्ही पणजोबा एकाच पारड्यात चढून बसले होते. तेवढ्यात आतून झुंबरबाई चहा घेऊन आल्या. मागून सुचिता पोह्यांच्या ताटल्या घेऊन आली. उंबरा ओलांडताना झुंबरबाईंचा डावा गुडघा एकदम लचकला. कप वाचले, पण त्यांनी दाराची चौकट धरली ती सुटेना. चेहरा पांढरा पडला.

रुपाली ताडकन उठली. "काकू, या, इथं बसा." आणि तिने त्यांचा दंड धरून त्यांना आपल्या खुर्चीपाशी आणलंसुद्धा.

झुंबरबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. महादेवरावांनी रस्त्याकडे पाहिलं. सुचिता ताटली हातात घेऊन थांबली. मध्ये मोबाइलवरचं लाल टिंब पेटलेलं होतं. शेषरावांनी त्या टिंबाकडे पाहिलं, मग बायकोकडे, आणि मोठ्याने म्हणाले, "बस, बस प्रेमच्या माय. आपल्या घरी तसं काई नाई."

झुंबरबाई बसल्या.

काय खोटं सांगायचं, त्यांना आनंद झाला. गुडघ्यांना तर झालाच, पण त्याच्या वर जीवालाही झाला. ज्या ओट्याला इतकी वर्षं शेणाने सारवलं आणि नंतर फरशी आल्यावर पुसलं, तो ओटा त्यांनी पहिल्यांदा वरून पाहिला. समोर रस्ता दिसत होता, बाजारात जाणाऱ्या बाया दिसत होत्या, आणि आपण त्यांना दिसतो आहोत हेही त्यांना कळत होतं. त्यांनी पदर सारखा केला. मग त्यांना जाणवलं की आपण खुर्चीच्या अगदी कडेला बसलो आहोत. टेकायला काही नव्हतं असं नाही, खुर्चीला चांगली पाठ होती. पण पाठ मागे जाईना. बसू दिलेल्या माणसाला टेकता येत नाही, हे त्यांना त्या क्षणी कोणी न सांगता उमगलं, आणि पुंजाजीही त्या दिवशी असेच कडेवर बसले असतील, एक डोळा चिरुटावर ठेवून, हेही उमगलं.

सुचिता पोहे देऊन नेहमीसारखी दाराशी फरशीवर बसली आणि तिने सासूकडे वर पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, तसं धाडस तिच्यात नाही. नुसतंच पाहणं होतं. अकरा वर्षांपूर्वी ही पोर घरात आली तेव्हा पहिल्याच दिवशी ओट्यावरच्या खुर्चीत बसली होती, आणि झुंबरबाईंनीच तिला हाताला धरून उठवलं होतं. आपल्या घरची रीत नाही, म्हणाल्या होत्या. झुंबरबाईंनी पोह्यांची ताटली बाजूला ठेवली.

"लिहून घ्या म्याडम," शेषराव मोबाइलकडे वाकून सांगत होते, "आमच्या घरात बाईलेही मान हाये. मी सोता बसू देलं, तुमच्यासमोर."

चहा संपला. शेषरावांनी कप खाली ठेवला आणि एकदा खोकले. मुद्दाम नव्हे, सवयीने. आणि झुंबरबाई उठल्या. त्याही सवयीनेच. चौकट धरून आत गेल्या आणि कप विसळायला लागल्या. रुपालीने आणखी थोडं विचारलं, टिंब विझवलं, सगळ्यांचे आभार मानले आणि गेली. तिच्या संशोधनात हे घर बहुधा सुधारलेलं म्हणून लागलं असेल.

खरा त्रास त्यानंतर सुरू झाला. शेषराव खुशीत होते. दुपारी कृषी केंद्राचा माणूस आला, त्याला त्यांनी सांगितलं. दूधवाला आला, त्याला सांगितलं. संध्याकाळी खामगावहून प्रेमचा फोन आला, त्यालाही. "पुन्याच्या म्याडमसमोर तुह्या मायले खुर्चीवर बसोलं. म्हनलं, बस. बसली न बिचारी. चहा संपेपर्यंत बसली."

झुंबरबाई आत कणीक मळत होत्या. तेच शब्द, तीच चाल, तोच आवाज. फक्त आमराईच्या जागी ओटा आणि चिरुटाच्या जागी चहा. त्यांना कळलं की आता हीदेखील गोष्ट होणार. नातवंडांच्या लग्नात सांगितली जाणार. आणि त्या गोष्टीत आपल्याला दुसरं काहीच काम नसणार, फक्त बसू दिल्याबद्दल बसायचं. त्यांना इतका राग आला की कणकेत पाणी जास्त झालं. रागावल्या त्या नवऱ्यावर, आपल्या पटकन उठणाऱ्या पायांवर, त्या तव्यापर्यंत हात घालणाऱ्या पुंजाजीवर. साहेबावर रागवायला तो आता कुठे सापडणार होता? तो आपली खुर्ची घेऊन कधीचा पुढच्या मुक्कामाला गेला होता.

दुसऱ्या दिवशीही सुचिता घरीच होती, उन्हाळ्याची सुट्टी. झुंबरबाई उजाडल्यावर ओट्यावर गेल्या, लाल खुर्च्यांपैकी दोन एकीत एक घातल्या आणि फरफटत स्वयंपाकघरात आणल्या. एक गॅसपाशी ठेवली, दुसरी तिच्या समोर. मेथीची जुडी घेऊन त्या बसल्या आणि या वेळी मागे सरकून बसल्या.

"सुचिता, बस."

सुचिताने दाराकडे पाहिलं. "आत्याबाई, मामाजी येतीन."

"येऊ दे."

"त्याइले इचारलं काय?"

"नाई," झुंबरबाई म्हणाल्या. "अन् तू मलेही इचारू नको. म्या चुकलं होतं तवा तुले उठवलं ते. बस आता."

सुचिता बसली, कडेवर. झुंबरबाईंनी अर्धी जुडी तिच्या मांडीवर टाकली. "टेकून बस. पाठ मोडली काय तुही?"

दोघी मेथी निवडत होत्या तेव्हा बाहेर खोकला ऐकू आला. सुचिताचं अंग आपोआप वर उचललं गेलं. झुंबरबाईंनी तिच्या मनगटावर हात ठेवला. त्यांचे स्वतःचे पायही उठायला निघाले होते, त्यांनी ते फरशीवर दाबून धरले आणि गुडघ्यांतून कळ मस्तकात गेली. पण त्या उठल्या नाहीत.

शेषराव दारात आले. पुन्हा एकदा खोकले. पहिल्या वेळी ऐकू गेलं नसेल, असा संशयाचा फायदा त्यांनी दोघींना दिला. मग त्यांनी पाहिलं, एकीकडून दुसरीकडे आणि पुन्हा पहिलीकडे. काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण त्यांना आठवलं असावं की कालच आपण साऱ्या गावाला काय सांगून बसलो आहोत.

"चहा?" ते शेवटी म्हणाले.

"गॅसवर हाये," झुंबरबाई म्हणाल्या. "गाळून घ्या."

त्यांनी कप शोधला, गाळणी शोधली. गाळणी सापडेना तेव्हा सुचिताने बसल्या जागेवरून बोट दाखवलं. अर्धा चहा कपात पडला, अर्धा बशीत. कप घेऊन ते बाहेर निघाले आणि दारातच थबकले. ओट्यावर महादेवराव येऊन बसले होते आणि आपल्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहून हाका मारत होते, "अरे शेषराव, दोन खुर्च्या कुठं गेल्या बे?" तिकडे जायचं म्हणजे उत्तर द्यावं लागलं असतं. शेषराव मागे फिरले, गॅसच्या कट्ट्यापाशी जाऊन उभे राहिले आणि चहा फुंकू लागले.

चहा गरम होता, वेळ लागत होता. ते एकदा इकडच्या पायावर भार द्यायचे, एकदा तिकडच्या. झुंबरबाई मेथीची काडी मोडत राहिल्या. त्यांना बसा म्हणाल्या नाहीत.